कानाला विचारू नका

पाववाल्याची सायकल भोंगा वाजवत गेली, पेपर आला, आणि चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच दारावरची बेल वाजली. रविवारी सकाळी साडेसातला माझ्याकडे कोण येणार? दार उघडले तर आमचे मामा! आगाशीहून दोन बसगाड्या बदलून आलेले, हातात केळफूल आणि भाजीची पिशवी, आणि मागे संकोचून उभी असलेली सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी.

मामा हे माझ्या शाखेतले शिपाई. वयाने माझ्याएवढेच; पण शिपायाला मामा म्हणायची आमच्या बँकेतली रीत, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आम्ही दोघे एकाच सुमाराला निवृत्त झालो. मी कादंबऱ्या लिहीत बसलो, ते वाडीत रमले.

"साहेब, ही माझी नात. बारावी झाली की सीईटी द्यायचीय तिला. मॅनेजमेंटची. इंग्रजीचं जरा दाखवा तिला," मामा म्हणाले. मग चप्पल काढता काढता, अगदी सहज म्हणावे तसे म्हणाले, "एवढंच करा, हिला 'कानाला विचार' असं सांगू नका."

मी हसलो. हसावेच लागले. पण त्या दिवशीचा चहा काही गोड लागला नाही. त्याचे कारण तीस वर्षांपूर्वीचे आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

साल १९९४. शिपायांना लेखी परीक्षा देऊन क्लार्क होण्याची संधी बँकेने दिली होती. मामा तेव्हा दहा वर्षांचे जुने. हुशार माणूस. कोणत्या कपाटात कोणती फाइल आहे, कोणत्या खातेदाराची सही थरथरते, कोणाचा चेक परत जाणार, सगळे तोंडपाठ. त्यांनी अर्ज करायचे ठरवले आणि माझ्याकडे आले. इंग्रजीतला अर्ज मीच त्यांना लिहून दिला, शिफारशीची सही खाली मीच ठोकली. जेवणाच्या सुट्टीत त्यांना रोज अर्धा तास इंग्रजीही शिकवू लागलो. मला व्याकरणाचे नियम धड सांगता येत नव्हते. येत होते ते सवयीने. म्हणून मी त्यांना एक युक्ती सांगितली: "मामा, वाक्य मनात दोनदा म्हणा. कानाला विचारा. कानाला खटकलं तिथे चूक. नाही खटकलं तर 'चूक नाही' या पर्यायावर खूण करा."

परीक्षा झाली. मामा दोन गुणांनी हुकले. संध्याकाळी कॅशची तिजोरी बंद झाल्यावर त्यांनी मला एक प्रश्न आठवून सांगितला. वाक्याचे तुकडे पाडून दिले होते आणि चूक कोणत्या तुकड्यात ते ओळखायचे होते. वाक्य असे: 'आय हॅव बीन वर्किंग इन धिस बँक सिन्स टेन इयर्स.' मामांनी खूण केली, 'चूक नाही'. कानाला विचारले, कान म्हणाला बरोबर. आणि तो बरोबर का म्हणणार नाही? मामांच्या अर्जातले पहिलेच वाक्य जवळजवळ हेच होते. 'सिन्स लास्ट टेन इयर्स.' लिहिणारा मी.

आमच्या शाखेत सगळेच तसे बोलत. 'डिस्कस अबाउट' म्हणत, 'रिव्हर्ट बॅक' म्हणत, 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणत. मामांचा इंग्रजी कान आमच्या काउंटरमागे घडलेला होता. पेपर काढणाऱ्याचा कान दुसरीकडे कुठे तरी घडलेला. दोन कानांच्या भांडणात मामा दप्तरी म्हणून निवृत्त झाले. पुढची संधी तीन वर्षांनी आली, तेव्हा त्यांनी अर्जच केला नाही. मी आग्रह धरला होता का? खरे सांगायचे तर, फारसा नाही.

'कानाला विचार' हा सल्ला आजही दिला जातो. नालासोपारा-विरारच्या स्टेशनांबाहेर क्लासांच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या असतात. आत भरभर शिकवणारी तरुण मुले असतात. आणि वेळ कमी पडला की तीही हेच सांगतात. ज्याच्या घरात पहिल्यापासून इंग्रजी वाजते आहे त्याला हा सल्ला फुकटात लागू पडतो. इतरांना तो महाग जातो. आणि आमचा वसई-विरारचा पट्टा म्हणजे कानांचे संमेलनच आहे. पश्चिमेला वाडीवस्तीत सामवेदी आणि वाडवळी, किनाऱ्याला कोळी बोली, पूर्वेला डोंगराकडे वारली. गेल्या तीस-चाळीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींत कोकणी, घाटी, गुजराती, हिंदी, भोजपुरी, तुळू. मामांच्या घरी बोलली जाते ती बोली शाळेच्या पुस्तकातल्या मराठीपासूनच पुरेशी लांब आहे. म्हणजे ही मुलगी सहाव्या वर्षी एक परकी भाषा शिकली, तिचे नाव प्रमाण मराठी. मग दुसरी शिकली, ती इंग्रजी. तिला आपण सांगणार, कानाला विचार. कोणत्या कानाला, बाई?

आता ती परीक्षा. आपल्या राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम या पदव्यांना पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि २०२४ साली त्यांनाही सीईटी लागली. पहिल्या वर्षी मे महिन्यात परीक्षा झाली. जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर सीईटी टाळण्यासाठी अभ्यासक्रमाचे नावच बदलून टाकले. असो. त्या परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न होते, आणि त्यांतले ४० इंग्रजीचे. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. विरारची गाडी वसईला थांबते त्याहून थोडा जास्त वेळ, एवढेच म्हणू.

मुलीने वही उघडली. व्यवस्थित अक्षर. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी यादी केली होती, आणि प्रत्येकापुढे 'का?' असे लिहून जागा सोडली होती. त्या सगळ्या जागा रिकाम्या होत्या. क्लासमध्ये उत्तर सांगतात, पण उत्तर तेच का, हे विचारायला वेळ नसतो, असे ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे. पाणी संध्याकाळी येते म्हणावे तशी.

मी तिला म्हटले, "आपण हे प्रश्न इंग्रजीचे म्हणून वाचायचेच नाहीत. कर्जाचे कागद म्हणून वाचायचे."

बँकेत मी बरीच वर्षे कर्ज विभागात काढली. करारनामा वाचताना अधिकारी कानाला विचारत नाही. तो बोट ठेवून विचारतो: देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम कोणाच्या नावावर, मुदत कधीपासून आणि किती, अट कोणाला लागू. वाक्यातही हेच असते. क्रियापद कोणाचे, सर्वनाम कोणाच्या बदल्यात आले, काळ कधीपासूनचा, अट कुठवर. आणि हे प्रश्न विचारायला इंग्रजीची गरज नसते. आपल्या मराठीत विचारले तरी चालतात. किंबहुना मराठीतच विचारावेत.

उदाहरणार्थ, मामांना नडलेला तो 'सिन्स'. आपण म्हणतो 'दहा वर्षांपासून' आणि म्हणतो '१९८४ पासून'. मराठीत दोन्हीकडे एकच 'पासून'. इंग्रजीत मात्र मुदत कधी सुरू झाली हे सांगायचे तर 'सिन्स', आणि किती झाली हे सांगायचे तर 'फॉर'. ठेव पावतीवर तारखेचा रकाना वेगळा आणि मुदतीचा वेगळा असतो, तसेच. १९८४ हा तारखेचा रकाना. दहा वर्षे हा मुदतीचा. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग 'सिन्स टेन इयर्स' म्हणजे तारखेच्या रकान्यात मुदत लिहिली." एवढ्या सोप्या भाषेत मला ते १९९४ साली सांगता आले असते तर!

दुसरा तिच्या यादीतला प्रश्न: 'वन ऑफ माय फ्रेंड' की 'फ्रेंड्स'? नियम पाठ करायचे कारण नाही. मराठीत म्हणून पाहावे: 'माझ्या मित्रांपैकी एक आला.' पैकी म्हटले की अनेकवचन आपोआप आले, आणि 'आला' हे एकवचनही आपोआप आले. आपल्या 'पैकी'ने दोन्ही गाठी सोडवून दिल्या. याच्या पुढचा जो अवघड प्रश्न, ज्यात भलेभले घसरतात, त्यालाही तीच किल्ली. 'तो वेळेवर हप्ता भरणाऱ्या खातेदारांपैकी एक आहे' हे वाक्य इंग्रजीत 'हू'ने जोडले की पुढचे क्रियापद एकवचनी की अनेकवचनी? मराठीत फोड करावी: जे खातेदार वेळेवर हप्ता 'भरतात', त्यांच्यापैकी तो एक. भरतात. झाले उत्तर. अनेकवचन.

पण मराठी नेहमीच सोडवते असे नाही, ती अडकवतेही. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'ला 'अबाउट' चिकटवतो. आपण कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ' म्हणतो. स्टेशनला पोचतो, म्हणून 'रीच्ड टू द स्टेशन'. आपले विभक्तीचे प्रत्यय, 'ला', 'शी', 'वर', इंग्रजी वाक्याच्या चपलेला चिखलासारखे लागून येतात. पेपर काढणारा बहुधा इथलाच असतो, त्याला हे पुरते ठाऊक असते. जिथे आपला प्रत्यय तिथेच त्याचा सापळा. म्हणून चूक शोधताना सगळ्या वाक्यावर सारखी नजर फिरवण्यापेक्षा, जिथे मराठी वाक्यात प्रत्यय लागतो तिथे आधी बोट ठेवावे. एक तासभर आम्ही हेच केले, आणि तिच्या यादीतले बारा-तेरा 'का?' भरले गेले.

शब्दसंपत्तीच्या प्रश्नांकडे वळलो तेव्हा मात्र माझा बँकेतला जन्म सार्थकी लागला. तिच्या क्लासने हजार शब्दांची यादी दिली होती. एका बाजूला शब्द, एका बाजूला अर्थ. एका शब्दाला एकच अर्थ, नवराबायकोसारखा. इथेच घात होतो. 'आउटस्टँडिंग' म्हणजे उत्कृष्ट, हे यादीत होते. बँकेत 'आउटस्टँडिंग' म्हणजे थकलेले येणे! 'इंटरेस्ट' म्हणजे रस, आमच्याकडे व्याज, वकिलाकडे हितसंबंध. आणि 'सँक्शन' हा तर दोन तोंडांचा साप. बँक कर्ज 'सँक्शन' करते तेव्हा मंजुरी. एक राष्ट्र दुसऱ्यावर 'सँक्शन्स' लावते तेव्हा बंदी. 'ओव्हरसाइट' तसाच: देखरेखही तोच, नजरचूकही तोच. आमच्या तपासणी अहवालांत दोन्ही अर्थांनी येई, आणि अनेकदा पहिल्याच्या अभावी दुसरा घडलेला असे. अशा शब्दाचा विरुद्धार्थी विचारला, तर आधी प्रश्नातले वाक्य वाचायला हवे. शब्द एकटा दिला असेल, तर चार पर्यायांतच पाहावे की त्यांतला कोणता एक कोणत्या तरी अर्थाच्या समोरासमोर उभा राहतो. 'अर्थ' या आपल्या शब्दाचेच पाहा ना. त्याचा अर्थ अर्थही होतो आणि पैसाही. अर्थमंत्र्याला कोणी शब्दकोशाचा मंत्री समजत नाही, कारण वाक्य आपल्याला सांभाळून घेते.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचीही गंमत आहे. कर्जाची मुद्दल म्हणजे 'प्रिन्सिपल' आणि तत्त्व म्हणजेही 'प्रिन्सिपल'. नागरीत लिहिले तर दोघे जुळे. इंग्रजीत एकाच्या शेवटी 'ए-एल', दुसऱ्याच्या 'एल-ई'. माझ्या नोकरीच्या काळात 'तत्त्वावर व्याज आकारले जाईल' अशा अर्थाची किती पत्रे आम्ही खातेदारांना धाडली असतील, देव जाणे. कोणी तक्रार केली नाही. तत्त्वावर व्याज मागणारी बँक म्हणून लोकांना कदाचित कौतुकच वाटले असेल.

आपल्या मराठीच्या व्याकरणालाही ही कागद वाचण्याची रीत लागू पडते, हे तिला पटवायला मी एक जुना प्रश्न घातला. 'मला थंडी वाजते.' यात कर्ता कोण? ती चटकन म्हणाली, "मी." मामा कोपऱ्यातून म्हणाले, "बरोबर. थंडी तिलाच वाजते ना!" कान असाच फसवतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या दोन पिढ्यांनी मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' उशाशी घेऊन झोप घेतली आहे; त्यांना कसोटी पाठ असते. धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण' विचारायचे. वाजणारी कोण? थंडी. म्हणजे कर्ता थंडी. कुडकुडायचे आपण आणि सही थंडीची! कर्जदार एक आणि पैसे उचलणारा दुसरा, अशी प्रकरणे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. दिल्ली वगैरेकडच्या विद्यापीठांसाठी २०२२ पासून जी सीयूईटी होते तिच्यात तेरा भाषांमध्ये मराठीही घेता येते. 'मराठी काय, आपलीच आहे' म्हणून जाणाऱ्यांनी ही थंडी ध्यानात ठेवावी. तिथे २०२५ साली ५० प्रश्नांना ६० मिनिटे होती, बरोबर उत्तराला पाच गुण आणि चुकीला एक वजा. राज्याच्या सीईटीत चुकीचे गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध तोटा; सीयूईटीत मात्र चुकीला एक गुण जातो, हे ध्यानात ठेवून उडी घ्यावी. हा हिशेब मुलांना आधी सांगायला हवा. पुष्कळांना परीक्षेच्या हॉलमधून बाहेर आल्यावर कळतो.

शुद्धलेखनाबद्दल मी फार बोलत नाही. आमच्या रस्त्यांवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांतल्या 'हार्दिक'मधला 'दि' बहुतेक वेळा दीर्घ असतो, आणि सांस्कृतिक कार्यक्रम 'पारंपारिक' असतात. मुले शाळेत जाता-येता ते रोज वाचतात. 'पारंपरिक' असे लिहिणाऱ्या मुलाचा डोळा त्याला चुकीचा ठरवतो. कानाची जी गत तीच डोळ्याची.

यात मला सर्वांत बोचते ती गोष्ट वेगळीच. व्याकरण ही काही वसईला बाहेरून आलेली वस्तू नव्हे. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. जन्म मुंबईचा, पण आडनाव तर्खडकर. आणि ते तर्खड आपल्या वसईचे. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांनी मराठी मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी 'भाषांतर पाठमाला' लिहिली. माझ्या वडिलांकडे तिचे भाग होते, पुठ्ठे निघालेले. त्या पुस्तकाची रीत साधी: मराठी वाक्य घ्या, त्याचे इंग्रजी करा, इंग्रजी घ्या, मराठी करा, आणि फरक कुठे पडला ते पाहा. वडील मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी बोलायला लाजत, पण त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पत्रात चूक सापडत नसे. ते कानाने शिकले नव्हते. वाक्य उलटेसुलटे करून शिकले होते. ही रीत आपण जुनाट ठरवून टाकून दिली. मुलांनी इंग्रजीत थेट विचार करावा म्हणे. जरूर करावा, पण ज्या घरात इंग्रजी बोलायला दुसरे माणूसच नाही, तिथल्या मुलाने विचार करायचा कोणाबरोबर?

आता पेपर काढणाऱ्यांकडे वळतो, कारण सगळा दोष मुलांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या पदरी घालून भागणार नाही. अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा असते. तिच्यात पूर्वी जोड्यांचे प्रश्न असत. त्यांतला एक फार गाजला: धावपटूला जशी मॅरेथॉन, तसे वल्हेकऱ्याला काय? उत्तर होते 'रेगाटा', म्हणजे होड्यांची शर्यत. टीका झाली की हा प्रश्न बुद्धीची परीक्षा घेत नाही, बापाच्या क्लबाची घेतो. १९९४ साली त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले, २००५ साली जोड्यांचेही गेले. आमच्या अर्नाळ्याचे पोर बोलायला लागल्यापासून होडीत असते. पण 'रेगाटा' म्हटले तर तेही तोंडाकडे पाहत राहील. उलट मी जोडी घालतो: शेताला जशी विहीर, तसे वसईच्या वाडीला काय? बावखल! वाडीच्या शिंपणाचे पाणी साठवणारे आमचे लहान तळे. पुण्याच्या हुशार मुलाने या प्रश्नात गुण गमावले, तर त्याला कोणी मठ्ठ म्हणेल का?

आणि पेपर काढणारा कधी चुकतच नाही असेही नाही. त्याच अमेरिकेत २००२ सालच्या ऑक्टोबरात सॅटची पूर्वपरीक्षा झाली. तिच्यात नोबेल विजेत्या लेखिका टोनी मॉरिसन यांच्यावर एक वाक्य होते, चूक ओळखायची होती, आणि छापील उत्तर होते 'चूक नाही'. मेरीलँडमधल्या एका शिक्षकाने पत्र लिहिले की चूक आहे. वाक्यात 'मॉरिसन' नव्हे, 'मॉरिसनची प्रतिभा' आली आहे. मग पुढचे 'तिला' हे सर्वनाम नेमके कोणाच्या बदल्यात उभे आहे? षष्ठीतले नाव विशेषणासारखे वागते, सर्वनाम त्याच्या जागी येऊ शकत नाही, असे काही व्याकरणकार मानतात. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी दाद दिली नाही. पत्रव्यवहार चालूच राहिला, आणि २००३ साली तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजले गेले. माझ्या मते मूळ वाक्यात काहीही वावगे नव्हते, तो शिक्षक जरा जास्तच काटेकोर होता. पण एका शाळामास्तराच्या पत्रासाठी एवढ्या मोठ्या परीक्षेने आपली पाटी पुसली, याचे मला अप्रूप वाटते. आपल्याकडे उत्तरतालिकेला आव्हान देता येते, नाही असे नाही. सीयूईटीत त्यासाठी एका प्रश्नामागे २०० रुपये मोजावे लागतात. चार प्रश्नांना आव्हान म्हणजे आठशे. मामांच्या घरी आठशे रुपये हा विचार करून खर्चायचा आकडा आहे. आणि पैशांहून मोठी अडचण अशी की, उत्तर चुकले आहे असे छातीठोक सांगायला नियम ठाऊक लागतो. कानाच्या साक्षीवर आव्हान देता येत नाही.

सर्वनामाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्यात आपली मराठी इंग्रजीहून काकणभर सरस आहे. 'मॅनेजरने क्लार्कला हिज टेबलाशी बोलावले' म्हटले तर कोणाच्या टेबलाशी? इंग्रजीत वाद. मराठीत 'आपल्या टेबलाशी' म्हटले की मॅनेजरचे, 'त्याच्या टेबलाशी' म्हटले की क्लार्कचे किंवा तिसऱ्याचे. मुलीला हे सांगितले तेव्हा ती प्रथमच मोकळी हसली. म्हणाली, "म्हणजे इंग्रजीला 'आपला' माहीतच नाही!" हे वाक्य मी पुढच्या कादंबरीत चोरणार आहे.

परीक्षा घेणाऱ्यांकडे माझे मागणे मोठे नाही. दुर्मिळ शब्द आणि वाक्प्रचार विचारून मुलाच्या घरातले पुस्तकांचे कपाट मोजू नका. एखादा परिच्छेद द्या. बँकेचा नियम द्या, विम्याची अट द्या, औषधाच्या बाटलीवरची सूचना द्या, आणि तिचा अर्थ विचारा. मॅनेजमेंट शिकू पाहणाऱ्याला त्याचीच गरज पडणार आहे. कायद्याच्या प्रवेशाची क्लॅट परीक्षा २०२० पासून उताऱ्यांवर गेली आहे. तिथे सुटे शब्द विचारत नाहीत, म्हणून वकिलांचा दर्जा घसरल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि उत्तरतालिकेत प्रत्येक व्याकरणाच्या उत्तरापुढे कारणाची एक ओळ छापा. एकच ओळ. तिच्या वहीतल्या 'का?'पुढे मावेल एवढी.

तोवर दुपार झाली. जेवून जा म्हणून आम्ही आग्रह केला. मामा नको नको म्हणत बसले. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुनी फाइल काढली. नोकरीचे सगळे कागद त्यांनी लावून ठेवले आहेत. शिपाई होते ना, फाइल लावणे रक्तात. त्यांना भविष्यनिर्वाह निधीचे एक पत्र मला दाखवायचे होते. ते शोधताना मधूनच एक पातळ पिवळा कागद निसटला. कार्बनची प्रत. १९९४ चा तो अर्ज.

नातीने तो उचलला, वाचू लागली. मी दुसरीकडे पाहत राहिलो. तिने कंपासपेटीतून लाल पेन काढले आणि 'सिन्स लास्ट टेन इयर्स'वर सरळ रेघ मारायला हात नेला.

मामांनी तिचा हात धरला. "राहू दे गं," ते म्हणाले. "खाली साहेबांची सही आहे."

"असू दे," मी म्हणालो. "मार."

तिने आजोबांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग रेघ मारली, वर बारीक अक्षरांत 'फॉर' लिहिले, आणि समासात आपल्या नावाचे आद्याक्षर टाकले. खाडाखोड केली की शेजारी सही करायची असते, हे सकाळीच मी तिला सांगितले होते.